फांदीखाली

म्हापशाच्या शवागारावर एक फणस झुकलाय.
फांदी पत्र्यावर, तिचं टोक कुंपणाबाहेर.
तो पोरगा त्या टोकाच्याही बाहेर उभा,
शुक्रवारचं दीडचं ऊन डोक्यावर घेऊन.

मी म्हटलं, सावलीत ये.
म्हणाला, येता येत नाही, मी कोहेन आहे.
आत मेलेलं माणूस, वर पत्रा, पत्र्यावर फांदी.
विटाळ छपराछपरानं बाहेर येतो.

आत तिर्झा. हरमलात एकोणीस वर्षं
सायकली दुरुस्त करायची.
पासपोर्टची मुदत कधीच संपलेली.
वकिलातीच्या फोनवर नुसतं संगीत.
इनास रजिस्टर मिटत म्हणाला,
"तिका कोणूच ना, बाय."

कोणूच ना, हे मी पोराला सांगितलं
आणि त्याचा चेहरा बदलला.
म्हणाला, मग नियम उलटा फिरतो.
बेवारस मढं वाटेत दिसलं
तर वल्हांडणाचं कोकरू घेऊन निघालेल्या
महायाजकानंसुद्धा
कोकरू सोडायचं, मढं उचलायचं.
तेवढ्यापुरतं त्याला ओवळं होणंच भाग आहे.

एक पाऊल त्यानं उचललंही.
मग थांबून विचारलं,
दुसरं कुणी आहे का इथे? आपल्यातलं?

मी होते.
येमिमा झिराडकर, स्टाफ नर्स, मूळ गाव नागाव.
आम्ही शनवार तेली.
आमच्यात कोहेन नाहीत,
घाणा ओढताना एवढं सोवळं कुणाला परवडणार?
माझ्या मावशीला बेर्शेबात लग्नाआधी
विचारलं होतं, तुझ्या आजीची आजी कोण?
तिला सांगता आलं नाही.
तिनं घाण्याच्या बैलाचं नाव सांगितलं.

पोरानं फोन लावला. बराच वेळ बोलला.
माझ्याकडे बघत बोलला.
फोन ठेवून म्हणाला,
तू आहेस. म्हणजे ती बेवारस नाही.
म्हणजे मला येता येणार नाही.

आणि परत उन्हात जाऊन उभा राहिला.
मावशी, इतका स्वच्छ दाखला
आपल्याला आजवर कुणी दिला नव्हता.

तीन बादल्या, धार मधे तुटता कामा नये.
एक संपायच्या आत दुसरी सुरू.
दोन हातांना हे जमत नाही.
झाडूवाली पिएदाद म्हणाली, मी ओतू?
चालतं का, हे विचारायला सूर्य थांबला नसता.
ओत म्हटलं.

नखांतलं वंगण निघेना.
पाणी आणि अंग यांच्यात काही राहू नये,
अंगठीसुद्धा नाही. मी काडीनं कोरत बसले.
मग आठवलं, आई सांगायची,
रंगाऱ्याच्या हाताचा रंग पाण्याला आड येत नाही,
जे ज्याला खुपत नाही ते मधे नसतंच.
काडी टाकून दिली.
काळ्या नखांची तिर्झा शुद्ध झाली.

साडेचार. कोरगावला काजूखाली खड्डा तयार.
ड्रायव्हर, इनास, मी, पिएदाद:
पायरीवर पेटी एका बाजूला कलली.
इनासची कंबर दुखरी. मी ओरडलेही नाही बहुतेक.

तो फांदीखाली आला.

या वेळी फोन नाही. चपला काढल्या,
का काढल्या कोण जाणे, देवळात शिरतात तशा,
आणि पेटीचा कोपरा खांद्यावर घेतला.

म्हणजे मी एकटी पुरेशी नव्हते,
किंवा मी होते, आणि तरी तो आला.
हा हिशेब मी त्याला विचारला नाही.
त्यानंही सांगितला नाही.

माती लोटून झाल्यावर नळावर हात धुतले.
आमच्यात हे हात पुसायचे नसतात,
वाऱ्यावर वाळू द्यायचे.
पिएदादनं पदराला पुसले, बस पकडायला निघाली.
आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला
ओले हात पुढे धरून उभे,
कुणीतरी काहीतरी त्यांत ठेवणार असल्यासारखे.
सूर्य हरमलकडे उतरत होता.
मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या.